उलट्या हाताची पारख

आमच्या क्वार्टरच्या चुलीपाशी बसलं की खिडकीतून विजेचा खांब दिसायचा. त्या खांबाला मजले आहेत असं मी मनाशी धरलं होतं. सगळ्यात वर अकरा हजार व्होल्टच्या तारा. त्याच्या खाली ट्रान्सफॉर्मर, ज्याला सगळं गाव डबा म्हणे. डब्याच्या खालच्या तारांत चारशे. आणि त्यांतलीच एक तार वाकून आमच्या घरात यायची, ती दोनशेतीस. मी लग्न होऊन आले तेव्हा यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. माझं माहेर संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे कंदिलाची काच पुसणं एवढंच उजेडाचं काम होतं. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रांतात होता, सरकार नागपूरला होतं आणि वीज फक्त मोठ्या गावांत, ती सुद्धा कापसाच्या जिनिंगच्या आसपास.

माझे यजमान वीज कंपनीत लाइनमन होते. वीज तयार करणारं कंपनीचं इंजिनघर गावाबाहेर होतं आणि त्याच्या कुंपणाला लागून आमची क्वार्टरं. इंजिनाची धडधड दिवसभर चालायची. पहिले काही दिवस मला झोप आली नाही. मग ती धडधड ऐकू येईनाशी झाली. माझं बरंच काही असंच होत गेलं, ते पुढे येईलच.

अकरा हजार हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचारलं की एवढं कशाला लागतं, दिवा तर दोनशेतिसावर लागतो. हे जेवत होते. म्हणाले, "जिनात कापूस पायला ना तू? मोकळा कापूस गाडीत भरला तर गाडी भरून जाते आन माल काहीच नाई. तोच कापूस प्रेसमंदी दाबला, गठान बांधली, तर तेवढ्याच गाडीत किती जाते! तसंच हाये हे. जळगाव जामोदले वीज न्याची तर दाबून न्या लागते. तिथं गेली की डब्यात सोडाची."

"म्हणजे अकरा हजार गठान."

"हाव. आन आपल्या घरची पिंजलेला कापूस."

"मंग पिंजलेल्या कापसानं कोनी मरत नसंन."

हे हसले. "मरते ना. नाकातोंडात गेला तर मरते."

ते समजावणं मला पटलं होतं आणि अजूनही पटतं. दाब वाढवला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो, तार बारीक चालते, वाटेत तापून वाया जाणं कमी होतं. दूर न्यायची म्हणून चढवायची, घरात घ्यायची म्हणून उतरवायची. एवढं मला समजलं. पण त्यावरून मी जे समजले ते चुकीचं होतं. मला वाटलं, आकडा जितका मोठा तितकी भीती मोठी, आणि आकडा उतरला की भीतीही उतरते. सगळं गाव असंच समजत होतं. अकरा हजाराच्या खांबावर कवटीचा लाल बोर्ड होता. बाजाराच्या वाटेवरच्या एका बोर्डावर कोणीतरी त्या कवटीला शेंदूर फासला होता, आणि बायका जाता-येता हात जोडायच्या. घरातल्या बटणाला कोणी हात जोडत नव्हतं.

लाइनमन लोकही त्यातलेच. अकरा हजाराशी कोणी मस्करी करत नसे. इंजिनघरातून लाइन बंद केल्याचा निरोप आल्याशिवाय कोणी शिडी लावायचं नाही, आणि निरोप आल्यावरही आधी तारांवर साखळी टाकायची, तिचं दुसरं टोक जमिनीत गाडलेलं, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाईल. "तिले हात लावाची गरज नाई," हे म्हणायचे, "ती दुरूनच बोलावून घेते." पण खालच्या तारांशी त्यांची घसट होती. चारशे काय, दोनशेतीस काय, तारेत जीव आहे की नाही हे ते हातानेच पाहत.

त्याला ते पारख म्हणत. तळहाताने तार धरायची नाही, कारण झटका बसला की मूठ आपोआप आवळते आणि सुटत नाही. हात उलटा करायचा आणि बोटांच्या पाठीने तारेला नुसतं शिवायचं. जीव असेल तर मुंग्या येतात, हात स्वतःहून मागे उडतो. बोटं कोरडी हवीत, पायात कंपनीचे रबरी तळाचे बूट हवेत. दिव्याची चाचणी होती, दोन वायरी लावलेला बल्ब, पण तो खांबावर कोण नेणार? तो नव्या माणसांचा खेळ. हात मुरला की दिवा सुटायचा, अशी त्या लोकांत रीत होती. यांचा हात मुरलेला होता. यांचा जोडीदार रोहिणखेडचा एक मुसलमान लाइनमन होता, वयाने थोडा मोठा, तोंडाने फटकळ. तो म्हणायचा, "वहिनी, याच्या हातात मीटर हाये. हा म्हनला मेली, का मी तार डोळे मिटून धरतो."

मग यांचा हात भाजला. एका जिनिंगमध्ये कामाच्या ऐन हंगामात मुख्य स्विचची पेटी उघडली असताना आत ठिणगी फुटली. चारशेची. उजव्या हाताची पाठ आणि बोटं मनगटापर्यंत सोलून निघाली. दवाखान्यात पट्ट्या झाल्या, घरी पट्ट्या झाल्या, नवी कातडी आली ती गुळगुळीत, गुलाबी, केसाविना. बोटं हलत होती. मूठ वळत होती. साहेबांनी यांना मूठ वळून दाखवायला सांगितली, यांनी वळून दाखवली आणि हे परत लाइनवर गेले.

मला कळलं ते चुलीपाशी. मी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर तव्यावरून काढून टोपल्यात टाकत होते, वाफ निघत होती. यांनी हात पुढे करून भाकर घेतली. उजव्या हातावर, उलट्या बोटांवर तोलून, जणू गरम भाकर नाही, वहीच असावी. आणि बोलत राहिले. कोणत्या तरी खांबाचं बोलणं चाललं होतं.

"आवो, हात!"

"काय झालं?"

"भाकर गरम हाये."

यांनी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हो का," म्हणाले आणि भाकर ताटात ठेवली.

जेवण झाल्यावर मी यांना डोळे मिटायला लावले. एका लोट्यात चुलीवरचं पाणी, एका लोट्यात माठातलं. उजव्या बोटांच्या पाठीला एकदा हा लोटा लावला, एकदा तो. हे नुसते अंदाज सांगत होते. चुकले की हसत होते. मलाही हसू आलं. नंतर एकदम हसू थांबलं, कारण दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं की याच बोटांनी हे रोज पारख करतात. जिवंत तारेला हा हात लागला तर हात काहीच म्हणणार नाही. आणि काहीच न म्हणणं म्हणजे त्या लोकांच्या भाषेत तार मेली.

"कंपनीत सांगू नोको," हे म्हणाले.

"काऊन?"

"लाइनवरून काढतीन. आत बसवतीन मीटरचे काटे पायत. मी खांबावर नसलो तर कोन हाये वं मी?"

मला राग आला होता, तो मी गिळला. मी एवढंच मागितलं की पारख डाव्या हाताने करायची. यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. कोणता हात ठेवला ते पाहिलं, डावा होता.

त्या दिवसापासून घरात एक प्रश्न सुरू झाला. हे सायकल भिंतीला लावायचे आणि मी आतून विचारायचे, "कोन्ता?" हे म्हणायचे, "डावा, माय, डावा." पाणी द्यायच्या आधी हा प्रश्न. कधी चिडून, कधी गाण्यासारखं लांबवून. शेजारणींना वाटायचं आमचं काही गुपित चाललंय, आणि ते खरंच होतं. हे तव्याची ऊब सुद्धा डाव्या हाताने बघायची सवय करायला लागले. पण खांबावर चढलेल्या माणसाचा डावा हात वरच्या लोखंडाला धरलेला असतो. तो सोडून पारख करायची म्हणजे उजव्याने धरायचं, ज्याला धरल्याचं नीट कळत नाही. हे मला पुढे उमगलं. तेव्हा मी उत्तर ऐकत होते आणि पाणी देत होते.

आधी फार भीती वाटायची. दुपारी सायकलची घंटा वाजली की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघायचे, नाही वाजली तरी बघायचे. मग ते बघणं थांबलं. इंजिनाच्या धडधडीसारखंच झालं. मी "कोन्ता?" विचारत होते ते चूल पेटवल्यासारखं, हाताला सवय म्हणून. उत्तर काय येतं याकडे माझं लक्ष होतंच असं नाही. यांना हातापुरतं कमी जाणवत होतं, मला सगळ्या अंगाने. तक्रार म्हणून नाही लिहीत. तसं होतं म्हणून लिहिते.

वैशाखात एक मोठं वावधन सुटलं. आमच्याकडे वाऱ्याच्या तुफानाला वावधन म्हणतात. पत्रे उडाले, झाडं पडली, जळगाव जामोदच्या वाटेवर अकरा हजाराची लाइन तुटून शेतात लोळली. सकाळी सगळ्या गावात तोच विषय होता. हे आणि जोडीदार तिकडेच निघायचे होते. मीही सकाळपासून त्या अकरा हजाराचाच विचार करत होते. साखळी घेतली का, निरोप येईल ना, हेच विचारत होते.

अंगणात माझी कपडे वाळत घालायची तार होती, लोखंडी, दोन लाकडी खांबांना ताणलेली. खांबावरून घरात येणारी वायर वाऱ्याने ढिली पडून तिच्यावर टेकली होती आणि रात्रभर घासून एका जागी तिचं आवरण गेलं होतं. मी धुणं घेऊन उभी होते. म्हटलं, "ते पाहा जरा. वायर टेकली हाये."

हे बूट चढवून, कमरेला पट्टा बांधत बाहेर आले. मन तिकडे शेतात लोळलेल्या लाइनीवर. जाता जाता कपड्यांच्या तारेवर उलट्या हाताने टकटक केली, दारावर करतात तशी. म्हणाले, "मेली हाये. वावधनानं सगळीच गेली. घाल वाळत, संध्याकाळी बांधतो." आणि पट्ट्याचं बक्कल लावायला वळले.

मी अनवाणी होते. खाली धुण्याचं पाणी सांडलेलं. माझ्या हातात ओलं लुगडं होतं, ते मी तारेवर टाकलं आणि दोन्ही हातांनी नीट केलं.

झटका कसा असतो हे लोक विचारतात. मला दुखलं असं आठवत नाही. कोणीतरी आतून माझ्या मुठी आवळल्या आणि मी आवळणारी नव्हते एवढं आठवतं. ओरडायचं होतं, आवाज निघत नव्हता. समोर लुगड्याचे काठ दिसत होते, हिरवे. मग धोपटण्याचा फटका हातावर बसला. धुण्याचं धोपटणं, बाभळीचं, कोरडं, ओट्यावर ठेवलेलं. यांनी ते उचललं आणि माझ्या हातांवर मारलं, पुन्हा मारलं, दंडावर मारलं, आणि मी चिखलात पडले.

हे माझ्यावर वाकले होते. तोंड पांढरं पडलं होतं. धोपटणं अजून हातात. मी श्वास घेतला आणि पहिला शब्द निघाला तो, "कोन्ता?"

यांनी धोपटणं टाकलं आणि उजवा हात पाठीमागे नेला.

तेवढ्यात कुंपणापलीकडे दोन-चार बाया जमल्या होत्या. त्यांनी पाहिलं होतं ते एवढंच की लाइनमन बायकोला धोपटण्याने मारतो आहे आणि ती चिखलात पडली आहे. दुपारपर्यंत ही गोष्ट क्वार्टरभर झाली, संध्याकाळपर्यंत गावात गेली. मला घरात निजवून हे लाइनीवर गेले होते, परत येताना यांना ती गोष्ट वाटेतच भेटली. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर हाताचं सांगावं लागलं असतं. एक म्हातारी हळद घेऊन आली, माझ्या दंडावर लावली आणि म्हणाली, "माय, पुरुषाची जातच अशी." मी हो म्हटलं. मला त्याचंही काही वाटलं नाही.

हे घरी आले आणि सायकल भिंतीला लावून अंगणातच बसून राहिले. मी विचारलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं नाही. थोड्या वेळाने यांनीच विचारलं, "दुखते का?"

"दुखते."

"लय?"

"लय दुखते."

"दुखू दे," हे म्हणाले. "बरं हाये दुखते ते." आणि रडायला लागले. मी यांना रडताना तेव्हाच पाहिलं. मला रडू आलं नाही. मी बसून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी हे कामावर जायच्या वेळी पट्टा कमरेला न बांधता हातात घेऊन गेले. साहेबांसमोर उभे राहून सांगितलं की माझ्या उजव्या हाताला कळत नाही, आणि काल मी माझ्या बायकोला जिवंत तारेला हात लावायला सांगितलं. मारलं ते तिला तारेपासून सोडवायला. जोडीदार तिथेच होता. बाहेर आल्यावर त्याने यांची गचांडी धरली. नंतर त्यानेच मला हे सांगितलं, आमच्या ओट्यावर चहा पीत. तो यांना म्हणाला होता, "तुह्या शब्दावर मी तारा धरत होतो बे! डोळे मिटून!" यांनी गचांडी सोडवून घेतली नाही. त्या दिवसानंतर तो खांबावर चाचणीचा दिवा घेऊनच चढला. लोक हसले तर शिव्या द्यायचा.

यांना इंजिनघरात बसवलं. जाळीच्या अलीकडे खुर्ची, पलीकडे बोर्ड, त्यावर काटे. अकरा हजाराचा काटा किती डोलतो ते पाहत बसायचं आणि जास्त डोलला की सांगायचं. बाया मला मारलं असं समजत होत्या, त्यांना हळूहळू खरं कळलं, पण पहिली गोष्ट कोणी विसरलं नाही. ती दुसरीपेक्षा सोपी होती. यांनी ती कधी खोडून काढली नाही. बाजारात कोणी टोमणा मारला तर मान खाली घालायचे. मी एकदा म्हटलं की सांगा ना खरं. म्हणाले, "मारलंच होतं ना."

खांबावर पुन्हा चढले नाहीत. कोणी नवा माणूस खिडकीतून दिसणाऱ्या आमच्या खांबावर चढला की हे उठून आत जायचे. आमचा संसार झाला. वाईट झाला असं म्हणणार नाही. माझ्या दंडाचं दुखणं पावसाळ्यात डोकं वर काढायचं आणि यांना ते न सांगता कळायचं. विचारायचे, दुखते का, आणि मी हो म्हटलं की जरा सैल होऊन बसायचे. ही आमची बोलण्याची एक पद्धत झाली होती.

महाराष्ट्र झाला त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात हे तापाने पडले. ताप उतरला नाही. शेवटच्या दुपारी घरात माणसं होती, मला बाजेपाशी बसवलं होतं. भिंत यांच्या डावीकडे होती म्हणून बसायला जागा उजवीकडेच. मी यांचा हात हातात घेऊन बसले होते. कोणीतरी म्हणालं, बघा कशी हात धरून बसली. मी बसले होते खरी, पण मला काही वाटत नव्हतं. बाहेर कोणाची तरी सायकल वाजली. मी दंड चोळत होते.

यांनी डोळे उघडले. छताकडे पाहत म्हणाले, "तू हायेस का?"

"हाये ना. हात धरून बसली हाये."

ओठ पुन्हा हलले तेव्हा मला वाटलं पाणी मागतात. पण विचारत होते, "कोन्ता?"

मी माणसांना म्हटलं, बाज ओढा. दोघांनी धरून बाज भिंतीपासून ओढली, आणि मी उठून त्या सापटीत, डाव्या बाजूला जाऊन बसले.